फोन दुरुस्तीच्या हक्काची चर्चा झाली, पण सीएनसी मशीनचं काय?

फोनचा डिस्प्ले गेला की आपल्यापुढे दोन रस्ते असतात. एक कंपनीचं सर्व्हिस सेंटर, दुसरा कोपऱ्यावरचं मोबाइलचं दुकान. हा दुसरा रस्ता बंद पडू नये म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची उपकरणं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं. २०२५ मध्ये मोबाइलसाठी ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवालही सरकारकडे गेला. म्हणजे फोन किती सहज दुरुस्त होतो, याचे गुण विकत घेण्याआधीच कळावेत, अशी कल्पना.

चांगलंच आहे. पण या यादीत एक मोठी गोष्ट नाही. ज्या मशीनवर तुमच्या बाइकचे गिअर, पंपाचे भाग आणि महागड्या फोनची ॲल्युमिनियमची फ्रेम कापली जाते, ती सीएनसी मशीन.

सीएनसी म्हणजे नेमकं काय?

इंजिनिअरिंगच्या किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आपण लेथवर हँडल फिरवून लोखंडी रॉड घासला असेल. तेच काम हाताऐवजी मोटर करतात आणि मोटरला आदेश कॉम्प्युटर देतो, तेव्हा ते सीएनसी मशीन होतं. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली अशा कुठल्याही एमआयडीसीत शिरलात तर अशी मशीन्स असलेले छोटे शेड दिसतील. मालक, दोन ऑपरेटर, एक-दोन मशीन आणि बँकेचा हप्ता. मशीन बंद पडलं तरी हप्ता थांबत नाही आणि ज्या कंपनीला माल द्यायचा, तिची लाइनही थांबत नाही.

बिघाड दोन जातीचे

पहिली जात जुन्या लेथसारखीच, हाताने आणि डोळ्याने कळणारी. समजा जॉबचं माप सकाळी बरोबर येतं आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला टूल वळलं की दोन-तीन शतांशाने चुकतं. अनुभवी फिटर आधी बॅकलॅश बघतो. मॅग्नेटवर डायल गेज लावतो, अक्ष एकेक शतांश मिलिमीटर पुढे नेतो, मग उलटा फिरवतो. उलट दिशेला किती पावलं दिल्यावर सुई हलते, तितकी ढील बॉल स्क्रू, बेअरिंग किंवा कपलिंगमध्ये आहे. कंट्रोलमध्ये एक आकडा वाढवून ही ढील झाकता येते, पण झीज चालूच राहते. टूल बदलताना मशीन अडकलं तर बऱ्याचदा कारण इतकंच असतं की सेन्सरच्या तोंडावर लोखंडाची चिप बसलीय. पुसा, मशीन चालू.

दुसरी जात कॉम्प्युटरची. इथे डायल गेजचा उपयोग नाही.

यातलं सगळ्यात साधं उदाहरण बॅटरीचं. आपल्याकडच्या कितीतरी मशीनवर फानुक या जपानी कंपनीचा कंट्रोल असतो. मशीनचा प्रत्येक अक्ष आत्ता नक्की कुठे उभा आहे, हे लाइट गेली तरी लक्षात राहावं म्हणून एन्कोडरला छोट्या बॅटऱ्या असतात. मशीनची सेटिंग्ज, म्हणजे पॅरामीटर, जपणारी बॅटरी वेगळी. एन्कोडरची बॅटरी उतरत आली की स्क्रीनवर आधी इशारा येतो. तो कुणी बघितला नाही, सुट्टीनंतर मशीन चालू केलं, की ३०० नंबरचा अलार्म. मशीन म्हणतं, माझं शून्य हरवलं. मग ते शून्य पुन्हा बसवावं लागतं.

गंमत म्हणजे ही बॅटरी बदलायची पद्धत आपल्या सवयीच्या उलट आहे. फोन आपण आधी बंद करतो. इथे कंट्रोलचा पुरवठा चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून, माहितगार माणसाने बॅटरी बदलायची असते. मशीन बंद करून काढली की अक्ष आपली जागा विसरलाच.

पॅरामीटर गेले तर प्रकरण आणखी मोठं. शेजारच्या शेडमधल्या त्याच मॉडेलचे कॉपी करून पूर्ण भागत नाही. प्रत्येक बॉल स्क्रूमध्ये सूक्ष्म चूक असते आणि ती सुधारणारे आकडे त्या-त्या मशीनपुरते मोजलेले असतात. ज्याच्याकडे बॅकअप आहे, तो काही तासांत सुटतो. ज्याच्याकडे नाही, तो सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघतो.

कुलूप नेमकं कुठे आहे?

माझ्या एका मित्राचं भोसरीत छोटं युनिट आहे. त्याच्या मशीनचा सर्वो ड्राइव्ह गेला. तसाच ड्राइव्ह पुण्यातच मिळाला, बसवणारा माणूसही तयार होता. पण मशीन बनवणाऱ्या कंपनीने काही सेटिंग्जना पासवर्ड लावला होता आणि तो फक्त त्यांचाच इंजिनिअर टाकणार. चार दिवस शेड शांत. पार्ट होता, माणूस होता, अडलं ते आठ अक्षरांवर.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे कुलूप लावणाऱ्याची बाजूही मला कळते. मशीनचा दरवाजा उघडा असताना स्पिंडल फिरू नये, अक्षाने हद्द ओलांडू नये, हे सगळं सेटिंग्जवर ठरतं. घाईत कुणी ती बंद केली तर ऑपरेटरचा हात जातो. हे कुलूप हवंच.

एक कुलूप तर आंतरराष्ट्रीय राजकारणातून आलंय. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने नॉर्वेच्या काँग्सबर्गच्या कंट्रोलसह बहुअक्षीय मिलिंग मशीन्स सोव्हिएत संघाला विकली. त्यांवर पाणबुडीचे कमी आवाज करणारे पंखे कापता येत होते. १९८७ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ हातोड्याने फोडला. निर्यातीचे नियम कडक झाले. आज डीएमजी मोरीसारख्या कंपन्यांच्या प्रगत मशीनमध्ये हालचाल ओळखणारी यंत्रणा असते. मशीन जागेवरून हलवलं तर ते लॉक होतं आणि कंपनीने तपासून उघडल्याशिवाय चालत नाही.

म्हणून सगळी कुलपं काढा, असं मी म्हणणार नाही. सुरक्षेचं कुलूप वेगळं, निर्यात नियमाचं वेगळं आणि ‘दुरुस्ती आमच्याकडेच करा’ हे कुलूप वेगळं. अडचण अशी की तिन्ही एकाच पासवर्डमागे ठेवलेली असतात.

कायदा काय म्हणतो?

तक्रार घेऊन ग्राहक मंचात जाता येईल का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे आणि तो एका सीएनसी टर्निंग मशीनवरूनच लागलाय. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या लघुउद्योगाने पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून मशीन घेतलं आणि सदोष निघालं म्हणून तक्रार केली. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्रीय आयोगाची बाजू उचलली: मशीन व्यापारी कारणासाठी घेतलं, म्हणून खरेदीदार ‘ग्राहक’ नाही.

पण त्याच निकालात एक दार उघडं आहे. जो माणूस पोटापाण्यासाठी लेथ घेऊन स्वतः चालवतो, तो ग्राहक आहे. मदतीला एक-दोन जण घेतले तरी त्याचा हा दर्जा जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे. म्हणजे एक मशीन स्वतः चालवणारा सुटतो. दहा मशीन आणि वीस कामगार असलेला छोटा उद्योजक मात्र मोठ्या कंपनीच्याच रांगेत उभा राहतो.

युरोप वेगळ्या वाटेने गेलाय. तिथे १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झाला. इंटरनेटला जोडलेलं उत्पादन वापरणाऱ्याला त्यातून तयार होणारा डेटा मिळाला पाहिजे, आणि तो सांगेल त्या तिसऱ्या दुरुस्तीवाल्यालाही. यात कारखान्यातली मशीन्सही येतात. पासवर्ड आणि सुटे भाग मिळण्याची हमी हा कायदा देत नाही, पण बिघाड ओळखण्याचं अर्धं काम डेटावरच होतं. युरोपात माल विकणाऱ्या भारतीय मशीन कंपन्यांनाही हे पाळावं लागणार. मग तीच सोय तिथल्या खरेदीदाराला देणार आणि इथल्याला नाही, हे कसं चालेल?

आत्ता काय करता येईल?

कायदा येईल तेव्हा येईल. तुमच्या घरचं युनिट असेल किंवा तुम्ही शॉप फ्लोअरवर असाल, तर एवढं आजच करा.

१. पॅरामीटर, लॅडर आणि प्रोग्रॅमचा बॅकअप कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. एक प्रत शेडबाहेर ठेवा.

२. बॅटरी बदलल्याची तारीख कंट्रोल पॅनलवर लिहा. वर्षातून एकदा बदलायचं ठरवून टाका.

३. प्रत्येक अलार्मचा फोनवर फोटो काढा. नंबर, तारीख, त्या वेळी मशीन काय करत होतं, सगळं एका ठिकाणी.

४. उन्हाळ्यात इलेक्ट्रिकल पॅनलचं दार उघडून समोर पंखा लावू नका. तेलाची वाफ आणि धातूची धूळ थेट ड्राइव्हवर बसते. फिल्टर साफ करा, पॅनलचा पंखा किंवा एसी दुरुस्त करा.

५. नवीन मशीन घेताना पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या: पूर्ण पैसे फेडल्यावर बॅकअप आणि दुरुस्तीचे पासवर्ड मिळतील, सुटे भाग किती वर्षं मिळतील, इंजिनिअर किती तासांत येईल.

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ॲडव्हान्स देण्याआधी तुमच्या शब्दाला जेवढं वजन असतं, तेवढं मशीन शेडमध्ये उतरल्यावर राहत नाही. एकेकट्याने मागितलं तर सेल्समन हसून टाळेल. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेने हीच अट सगळ्यांच्या ऑर्डरमध्ये घातली तर त्याला वर विचारावंच लागेल. सरकारच्या यादीतलं पाचवं क्षेत्रही अशा मागणीतूनच येईल.