शाल, श्रीफळ आणि शोधनिबंध

प्राध्यापकाच्या हातून काही चांगले काम झाले, की विद्यापीठाला ते दोन ठिकाणी सांगायचे असते. घरात सांगायची रीत जुनी आहे: सूचनाफलकावरचा कागद, विभागातला चहा, शाल-श्रीफळ आणि कुलगुरूंचे दोन शब्द. बाहेर सांगण्यासाठी अधिसभेपुढे जाणारा वार्षिक अहवाल असतो, वार्तापत्र असते, वर्तमानपत्राकडे धाडलेली चार ओळींची बातमी असते आणि अलीकडे प्रवेशद्वाराजवळचा फ्लेक्स. या सगळ्यांत पुरस्काराचे नाव येते, देणाऱ्या संस्थेचे येते, प्रमुख पाहुण्यांचे तर येतेच. गळते ते काम. संशोधनाबद्दल ‘मोलाचे योगदान’ एवढे दोनच शब्द उरतात आणि ते कोणाच्याही नावापुढे चालतात.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना गौरवाची याहून सकस रीत माहीत नव्हती असे नाही. मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमाला हे तिचे जुने उदाहरण. विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले जॉन विल्सन यांच्या नावाची ही व्याख्याने 1877 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दिली. संस्कृत, प्राकृत आणि त्यांतून निघालेल्या आजच्या भाषा असा त्यांचा विषय होता. पुस्तकरूपाने ती 1914 मध्ये आली. इथे एका विद्वानाचा सन्मान दुसऱ्या विद्वानाकडून काम करवून घेऊन झाला. अशा व्याख्यानमालेत सत्कारमूर्ती हयात असण्याचीही गरज नसते.

पुढे सत्काराची पाळी भांडारकरांची आली. 6 जुलै 1917 रोजी त्यांना 80 वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. देशविदेशांतल्या अभ्यासकांच्या लेखांचा गौरवग्रंथही त्यांना त्याच निमित्ताने अर्पण झाला. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह 1918 मध्ये संस्थेत आला. 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, 1925 पासून वि. स. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि 1966 मध्ये ते पुरे झाले. एका वाढदिवसाच्या निमित्ताने उभे राहिलेले काम अर्धे शतक चालले, ही बाब सत्कार समित्यांच्या इतिहासात दुर्मीळच म्हणायची.

गौरवग्रंथाची ही चाल मुळात जर्मन विद्यापीठांतली. आपल्याकडे तिला षष्ट्यब्दीपूर्ती, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन हे तयार मुहूर्त मिळाले, म्हणून ती चटकन रुजली. पांडुरंग वामन काणे यांच्या एकसष्टीला, 1941 मध्ये, सु. मं. कत्रे आणि प. कृ. गोडे यांनी संपादित केलेला भारतविद्येचा ग्रंथ पुण्यातून निघाला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग घडवणारे गो. स. घुर्ये यांना 1954 मध्ये त्यांच्या शिष्यवर्गातल्या का. म. कपाडिया यांच्या संपादनाखाली गौरवग्रंथ मिळाला. वा. वि. मिराशींसाठी नागपुरात विदर्भ संशोधन मंडळाने 1965 मध्ये ग्रंथ काढला. अशा ग्रंथात सत्कारमूर्तींवर एखाद-दुसरा लेख, त्यांच्या लेखनाची सूची, आणि बाकी सगळे त्यांच्या विषयातले नवे संशोधन असते. लेखनसूची हा भाग दिसायला रूक्ष, पण पुढच्या अभ्यासकाला सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच होतो.

या प्रकाराची दुसरी बाजूही आहे. मुदत ठरलेली असल्यामुळे काही जण कपाटात पडून राहिलेला लेख देऊन मोकळे होतात. प्रती थोड्या छापल्या जातात, त्या समारंभात वाटल्या जातात आणि एखादा चांगला लेख विषयाच्या मुख्य चर्चेबाहेरच राहून जातो. तरीही शंभर चांगल्या पानांसाठी शंभर सुमार पाने सोसावी लागली, तर तो सौदा शालीपेक्षा बराच बरा.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी याहून टिकाऊ पद्धत काढली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झालेले स्पॅनिश जेझुइट फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांचे नाव सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाला आहे: सेरोपेजिया सांतापाउई. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया ही प्रजाती आणि तिच्या जातींचा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालला आहे. 2023 मध्ये विशाळगडावरून तिची एक नवी जाती जाहीर झाली, तिला शिवरायांचे नाव देण्यात आले. तिची बातमी वर्तमानपत्रांत चांगली आली, कारण सांगण्यासारखे हाताशी होते: झाड कुठे सापडले, त्याच्या जवळच्या जातींहून ते वेगळे कशात आहे, नाव कोणाचे. वनस्पतींच्या नामकरणात स्वतःचेच नाव स्वतः शोधलेल्या झाडाला देणे अशिष्ट मानतात. नाव दुसऱ्यानेच द्यायचे. विद्यापीठातल्या सन्मानांच्या बाबतीत मात्र हा संकेत आता उरलेला नाही, कारण यशाची माहिती ज्याची त्यानेच भरायची असते.

हा बदल गेल्या तीस वर्षांतला. महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे मूल्यांकन करणारी नॅक 1994 मध्ये स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी एक संशोधन आणि विस्तारकार्याचा. मग प्रत्येक संस्थेत गुणवत्ता कक्ष आला आणि दरवर्षी नॅकला पाठवायचा अहवाल आला. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी ‘एपीआय’ गुणांकन आणले. निबंधाला गुण, पुस्तकाला गुण, परिषदेतल्या सादरीकरणाला गुण. शिक्षकांच्या बोलण्यात ‘माझी कॅस अडकली आहे’ हे वाक्य तेव्हापासून घरचे झाले. कॅस म्हणजे बढतीची योजना. शिक्षणसंस्थांना क्रम लावणाऱ्या एनआयआरएफची पहिली क्रमवारी 2016 मध्ये लागली, तेव्हा आकड्यांना आणखी एक गिऱ्हाईक मिळाले. 2018 च्या नियमांनी गुणांकनाची मांडणी बदलली, तरी नोंद ठेवायची सवय तशीच राहिली. जे पूर्वी अभिनंदन होते, ते आता पुराव्यासह अपलोड करायचे असते: छायाचित्र, प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचे कात्रण. कात्रण हा पुरावा ठरल्यामुळे सत्कारांचीही संख्या वाढली.

मोजणी सुरू झाली की मोजणीला पुरवठा करणारेही येतात. पैसे घेऊन काही दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके भराभर निघाली. आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावेही होती. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सुचवलेल्या भागातला एक नमुना तपासला आणि 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला: त्या गटातली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके दुय्यम दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. निबंध कुठे छापावा आणि तो पारखावा कसा, याची जबाबदारी आता पुन्हा संस्थांवरच आली आहे. पटवर्धनांच्या त्या निबंधाचे विद्यापीठाच्या दृष्टीने मोल मोठे, कारण त्याने विद्यापीठांच्याच शिफारशींची झडती घेतली. अशा यशाचे फ्लेक्स मात्र सहसा लागत नाहीत.

सध्या सर्वाधिक फ्लेक्स लागतात ते ‘जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञां’चे. पावसाळा सरता सरता ही यादी येते आणि ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून गौरव’ अशा बातम्या जिल्हा आवृत्त्यांत झळकतात. वास्तविक हा पुरस्कार नाही. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या माहितीकोशातून तयार केलेला तो तक्ता आहे. त्यासाठी अर्ज नसतो, निवड समिती नसते, समारंभही नसतो. एका शास्त्रज्ञाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, त्यांतल्या किती निबंधांत तो एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक होता, अशा सहा मोजमापांतून एक आकडा काढतात. मग 22 क्षेत्रे आणि 174 उपक्षेत्रे करून प्रत्येकाची जागा ठरते. पहिल्या एक लाख जणांत बसणारे किंवा आपल्या उपक्षेत्रात वरच्या दोन टक्क्यांत येणारे तक्त्यात येतात. तक्ते दोन असतात. एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षातल्या उल्लेखांचा. बातमीत हा फरक सांगितला जात नाही, पण दोन्हींत अंतर मोठे आहे. तक्त्यात आणखी एक रकाना आहे: स्वतःच स्वतःचा उल्लेख किती टक्के केला. तोही फ्लेक्सवर येत नाही.

याचा अर्थ तक्ता निरुपयोगी असा नाही. रसायन, पदार्थविज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्रातल्या एखाद्या प्राध्यापकाचे काम जगात वाचले जाते का, याचा अंदाज त्यातून येतो. मात्र त्याचा पाया स्कोपस असल्यामुळे मराठीतून लिहिणारा इतिहासकार किंवा बोलीभाषांचा अभ्यासक तिथे येणे जवळजवळ अशक्य. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत निघाला. त्यांना 1963 मध्ये भारतरत्न मिळाले. निबंधागणिक आणि वर्षागणिक चालणाऱ्या मोजणीत बत्तीस वर्षांच्या अशा कामाला रकानाच नाही.

पेटंटांच्या बातम्या हा आणखी एक गमतीचा प्रांत. भारतात पेटंटसाठी अर्ज केला, की साधारण 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. वेगळा अर्ज करून फी भरली, तर ही प्रसिद्धी बरीच आधी होते. या टप्प्यावर शोध नवा आहे का, हे कोणी तपासलेले नसते. तपासणी पुढे, अर्जदाराने मागणी केल्यावर होते, आक्षेप निघतात, उत्तरे द्यावी लागतात आणि मग पेटंट मिळते किंवा मिळत नाही. ‘पेटंट प्रसिद्ध’ आणि ‘पेटंट मंजूर’ यांत एवढे अंतर आहे. 2021 मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क 80 टक्क्यांनी कमी केले, ते योग्यच होते; त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या अर्जांवर पेढे वाटण्याचे प्रमाणही वाढले. वस्तूच्या बाह्य आकाराची नोंदणी, म्हणजे डिझाइन, हा तर वेगळाच कायदा. तिलाही बातमीत सर्रास पेटंट म्हणतात.

राहता राहिली शैक्षणिक घडामोडींची खबर. नव्या अभ्यासक्रमाला विद्या परिषदेची मंजुरी, अभ्यास मंडळाने बदललेली श्रेयांकांची मांडणी, परीक्षेचे परिपत्रक, असल्या गोष्टी विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्याशी जास्त निगडित असतात आणि त्यांची भाषा सगळ्यांत दुर्बोध असते. ‘संदर्भाधीन विषयास अनुसरून’ असे सुरू होणारे परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारा विद्यार्थी विरळा. म्हणून त्यातला मथितार्थ शिक्षकच दोन ओळींत व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि व्यवहार त्या दोन ओळींवर चालतो. विद्यापीठाने मूळ परिपत्रकच तसे लिहिले, तर हे भाषांतर वाचेल.

पीएचडीच्या खबरीची गत याहून वेगळी. मान्य झालेला प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवला जातो आणि कोणालाही तो वाचता येतो. एका अर्थाने मार्गदर्शकाच्या कामाची ही सर्वांत उघडी नोंद. 2016 च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापणे सक्तीचे होते, 2022 च्या नियमांनी ही सक्ती काढली. त्यामुळे निदान या एका कारणासाठी घाईत निबंध छापण्याची गरज उरली नाही. पदवीपूर्वीची मौखिक परीक्षा खुली असते. तिची सूचना विभागाच्या फलकावर साध्या कागदावर लागते: उमेदवाराचे नाव, विषय, मार्गदर्शक, वेळ, खोली. ना छायाचित्र, ना अभिनंदन. पण काम काय झाले ते त्या कागदावर प्रबंधाच्या शीर्षकात लिहिलेले असते आणि विभागातल्या शिक्षकाला, संशोधक विद्यार्थ्याला किंवा विषयाच्या जाणकाराला तिथे जाऊन प्रश्न विचारता येतो.