पाडकामाचा मक्ता

बांधकामाचा मक्ता देताना जो गृहस्थ चार ठिकाणी चौकशी करतो, अंदाजपत्रके ताडून पाहतो आणि करारनाम्यातील शब्द न् शब्द वाचतो, तोच गृहस्थ पाडकामाचा प्रश्न आला की जो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर येईल त्याच्या हाती घर सोपवून मोकळा होतो, हे न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळींत मी वारंवार पाहिले आहे. एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांतून जुने घर घेणाऱ्याच्या वाट्याला परसातला कुजत चाललेला लाकडी डेक आणि कललेले कुंपणही येते. ते मोडायला कौशल्य कशाला हवे, ही समजूत मला घातक वाटते.

डेक घराला नुसता टेकलेला नसतो. बहुधा त्याची एक जाड फळी मोठ्या बोल्टांनी भिंतीच्या सांगाड्याशी जखडलेली असते, आणि ती ओढून काढल्यावर उघडी पडणारी भोके तत्काळ बुजविली नाहीत तर पावसाचे पाणी भिंतीच्या पोटात शिरते. कुंपणाचे खांब काँक्रीटमध्ये रोवलेले असतात. ते उपटण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर वर्दी देऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांची आखणी करून घ्यावी, अशी विनामूल्य तजवीज २००७ पासून सबंध अमेरिकेत आहे. कुंपण नेमके कोणाच्या हद्दीत उभे आहे, हेही मोजणीच्या नकाशावरून आधी ठरवावे.

परंतु माझी खरी कळकळ त्या लाकडाविषयी आहे. २००३ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील घरगुती डेकांसाठी सर्रास वापरले जाणारे लाकूड क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक, म्हणजे सोमलातले विष, यांच्या द्रावणाने भारलेले असे. ही प्रक्रिया १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधून काढली. तांब्याने बुरशी आवरावी, सोमलाने वाळवी मारावी आणि क्रोमियमने दोहोंना लाकडात बांधून ठेवावे, या योजनेने असंख्य घरांचे लाकूड दशकानुदशके टिकविले, हे त्या शास्त्रज्ञाचे ऋण मी आदराने मानतो. पण असे लाकूड जाळले की तेच विष धुरात आणि राखेत उतरते, आणि त्याचा भुसा करून वाफ्यांत पसरला तर ते मातीत झिरपते. थंडीत परसातल्या शेकोटीला जुन्या डेकच्या फळ्या घालणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या शेकोटीभोवती मुले बसलेली असतात.

म्हणून ठेकेदाराला दर विचारण्याआधी हे लाकूड कुठे जाणार, असे विचारावे. गावातच वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला पाडकामाला परवाना लागतो की नाही, कोणत्या कचराभूमीत असले लाकूड घेतात, हे बहुधा तोंडपाठ असते. आमच्या राज्याच्या कायद्यात घराच्या सुधारणेत पाडकामाचाही समावेश आहे. अशा ठेकेदाराची सरकारदरबारी नोंदणी हवी, ५०० डॉलरांहून अधिक रकमेचा करार लेखी हवा, आणि तो कामकाजाच्या तीन दिवसांच्या मुदतीत रद्द करण्याचा हक्क घरमालकाला आहे. नोंदणीइतकाच मजुरांचा विमाही पाहावा, कारण कुजलेल्या फळीवर पाय ठेवून ती उखडणारा माणूस कोणाच्या तरी संसाराचा आधार असतो, आणि तो पडून जायबंदी झाला तर त्याच्या औषधोपचाराची आणि बुडालेल्या रोजीची जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर असले पाहिजे.

त्याच कागदावर भिंतीची भोके बुजविण्याचा, काँक्रीटचे गोळे काढून खड्डे भरण्याचा आणि लाकडाच्या विल्हेवाटीचा मजकूर स्पष्ट घालावा, बयाणा माफक द्यावा, आणि अखेरचा हप्ता कचराभूमीची पावती हाती पडल्यावरच चुकता करावा. ही अट ऐकून जो ठेकेदार कां-कू करू लागेल त्याला, त्याचा दर कितीही उतरता असला तरी, काम देऊ नये.