परक्या गावातले घर



हल्ली आपल्या बदलापुरातूनही मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी जातात. निघण्यापूर्वी चौकशी होते ती फीची, शिष्यवृत्तीची आणि तेथील थंडीची. परत येईल तेव्हा आपले मूल आपले राहिलेले असेल काय, ही काळजी मात्र बहुधा आईच्या मनातच राहते. तिच्याविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यासाठी दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

येथून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत कल्याण येते. तेथील जोशी घराण्यातील यमुना म्हणजेच पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. वैद्यकी शिकण्यासाठी 1883 साली त्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी पूर्वी एका मिशनरी गृहस्थास मदतीसाठी पत्र लिहिले होते. धर्मांतर केल्यास मदत होईल, अशा अर्थाचे उत्तर आले. तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दंतवैद्याकडे बसल्या असताना वाचला. त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र लिहिले, आणि पुढे आपले घर उघडले. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत, मिशनच्याच शाळांत शिकलो. म्हणून हे आम्हीच स्पष्ट सांगितले पाहिजे की, प्रभूने शिकविलेले शेजारधर्माचे आचरण त्या बाईंनी केले, आणि अट घालणाऱ्याच्या हातून ती संधी निसटली.

रोझेलच्या त्या घरात आनंदीबाई पाहुणी म्हणून राहिल्या नाहीत. घरातील मुलांत त्या मिसळल्या. कार्पेंटरबाईंस त्या मावशी म्हणत. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. तेथील खोलीतील शेगडी पेटविली तर धूर कोंडे, न पेटविली तर थंडी सोसवत नसे. नऊवारी लुगड्यात पाय उघडे राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. पण साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि धर्मही सोडला नाही. 1886 च्या मार्चात त्या पदवीधर झाल्या.

ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की, परदेशी गेल्याने मूल बिघडते हे म्हणणे जसे खोटे, तसेच तेथे गेल्यावर सर्वस्वी तेथलेच व्हावे हे म्हणणेही खोटे. थंडी पडली तर नेसण्याची रीत बदलावी, ह्यात कमीपणा नाही. काय बदलावयाचे आणि काय नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. आणि ते निर्भयपणे ठरविण्यास परक्या गावात एखादे आपले घर लागते. महाविद्यालयात वैद्यकी शिकता आली. अमेरिकन माणसे कशी राहतात, कशी माया करतात, हे त्या घरातच कळले.

आता थोडे स्वतःकडे पाहू. बदलापूर पूर्वीचे लहान गाव राहिलेले नाही. दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे बिऱ्हाड करून आहेत. त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. एखाद्याच्या बोलीस इतर मुले हसतात आणि तो पुढे आठवडाभर तोंड उघडीत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपले मूल परदेशी गेले असता त्यास कोणी मावशी भेटावी अशी इच्छा करणाऱ्या पालकांनी, शेजारच्या बिऱ्हाडातील मुलास आपल्या घरी कधी जेवावयास बोलाविले आहे काय? विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाकावरच्या नव्या मुलास तुम्ही डब्यात वाटेकरी केले आहे काय?

आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगूनच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्याच स्मशानभूमीत त्यांस जागा मिळाली. कल्याणची लेक तेथे पाहुणी म्हणून विसावलेली नाही, घरची म्हणून विसावली आहे. असे एक तरी घर आपल्या गावात प्रत्येक परक्या मुलास मिळावे, एवढीच आमची विनंती आहे.