जुन्या दुखण्याची दखल

शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा रक्तदाब मोजला जातो, रक्तातील साखर तपासली जाते, हृदयाचा आलेख काढला जातो. परंतु हा मनुष्य दहा वर्षे कोणते दुखणे सोशीत आला आहे आणि त्यासाठी रोज कोणती गोळी घेतो, याविषयी केसपेपर पुष्कळदा मुका असतो. एकदा शस्त्रक्रिया झाली की दुखणे संपलेच, असा आपला भाबडा समज! पित्ताशय काढल्याने कंबरेतील दबलेली नस मोकळी होत नाही.

दीर्घकाळच्या वेदनेने मज्जासंस्थाच अधिक हळवी होते. त्यातून जो महिनोन्‌महिने मॉर्फिन वा ट्रामाडॉल घेत आहे, त्याच्या शरीराला त्या औषधाची सवय झालेली असते. इतरांना पुरणारी मात्रा त्याला पुरत नाही. तो पुन्हा मागतो, आणि वॉर्डात कुजबूज सुरू होते: 'याला चटक लागली आहे.' वस्तुतः शरीराला औषधाची सवय होणे निराळे आणि व्यसन निराळे. उपाशी ठेवताना नेहमीची गोळीही तोडली, तर घाम, मळमळ, जुलाब आणि तळमळ यांची भर पडते. हाही मग रुग्णाचाच दोष ठरतो.

कायद्याचा धाकही येथे विसरता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली. मनातील भीती मात्र दुरुस्तीने जात नाही.

मात्रा वाढविताना श्वास मंदावण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांचे म्हणणे रास्तच आहे. पण म्हणूनच भूलतज्ज्ञाची गाठ आदल्या रात्री नव्हे, काही आठवडे आधी पडावयास हवी. नेहमीचे औषध त्याच्या सल्ल्याने चालू ठेवावे; जोडीला पॅरासिटामॉल द्यावे, शक्य तेथे नस बधिर करावी, म्हणजे मॉर्फिनवरचा भार हलका होतो. रुग्णानेही आपली गोळी लपवू नये. पुष्कळजण ती संकोचाने लपवितात, आणि त्यांना तो संकोच कोणी शिकविला हे वर आलेच आहे.

खरी परवड घरी गेल्यावर होते. वाढविलेली मात्रा हळूहळू उतरवावयाची असते. ती कोणी उतरवावयाची? शल्यचिकित्सक टाके पाहतो, जुना डॉक्टर म्हणतो, 'त्यांनाच विचारा.' रुग्णाच्या हातात पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी असते. सहाव्या दिवशी कोणाचे दार ठोठवावे, हे तीवर लिहिलेले नसते.