धोक्याच्या खुणा कोणाच्या?



ठेक्यावर माणसे पुरवणाऱ्या एका कंपनीचा कागद आमच्या हाती आला आहे. नोकरी मागायला आलेल्या माणसातल्या ‘धोक्याच्या खुणा’ कशा ओळखाव्यात, याची त्यात यादी आहे. परीक्षेत नापास झालेला, मध्ये काही वर्षे घरी बसलेला, आधीची नोकरी का सुटली ते धड न सांगणारा, पहिल्याच भेटीत पगार आणि रजा विचारणारा, असा इसम दिसला की त्याला परत वाटेला लावा! पगार विचारणे हा गुन्हा केव्हापासून झाला, हे आम्हा मॅट्रिकवाल्यांना काही कळले नाही.

यादी वाचताना आम्हाला मेलकावेरी आठवली. युनियनच्या कामासाठी तामिळनाडूत गेलो असता कुंभकोणमला मुक्काम पडला, तेव्हा मेलकावेरीतल्या एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याने आम्हाला घरी ठेवून घेतले. घराणे तंजावरी मराठी. त्यांची मराठी कानाला जरा वेगळी, पण आपुलकी तीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातले गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे घर दाखवले.

आता ती यादी रामानुजनना लावून पाहू. १९०४ साली शाळा संपवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेले. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे लक्ष नाही, म्हणून नापास, शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेले. पुढे मद्रासला एफ.ए.च्या परीक्षेत पुन्हा नापास. त्यानंतर कित्येक वर्षे कायम नोकरी नाही. १९१२ च्या सुरुवातीला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही आठवडे हंगामी काम, आणि मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज. अर्जात शिक्षण का सुटले, तर प्रतिकूल परिस्थितीमुळे, एवढेच लिहिलेले. आमच्या यादीवाल्याने तिथेच लाल फुली मारली असती. पोर्ट ट्रस्टने १ मार्च १९१२ पासून त्यांना महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून घेतले. सहा वर्षांनी, १९१८ साली, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

कोणी म्हणेल, रामानुजन शतकात एखादाच. कबूल. पण त्यांनासुद्धा ३० रुपयांची नोकरी मिळाली ती वह्या पाहणारे आणि शिफारस करणारे जाणकार भेटले म्हणून. ट्रॅकवर खडी टाकणाऱ्याच्या, डबे धुणाऱ्याच्या मुलाला असा जाणकार कुठून भेटणार? त्याच्यापुढे ती यादी तेवढी येते.

आणि आपल्याच घरातले पाहा. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. हजारो कामगार नोकरीवरून काढले गेले. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांना परत घेण्यात आले. मधल्या तीन वर्षांत ही माणसे दारोदार काम मागत फिरली. ‘आधीची नोकरी का सुटली?’ या प्रश्नाला त्यांनी काय सांगायचे होते? खरे सांगावे तर संपवाला, गप्प राहावे तर लपवाछपवी करणारा. दोन्हीकडून धोक्याची खूणच. अशा याद्यांचा खरा रोख कोणावर असतो, हे जुन्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

गाडी चालवणाऱ्याची, सिग्नल पाहणाऱ्याची दृष्टी तपासा, शंभरदा तपासा. त्यावर प्रवाशाचा आणि आपलाही जीव अवलंबून आहे. त्याला आमचा विरोध कधीच नव्हता. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या खालच्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. ग्रामीण डाक सेवक तर दहावीच्या गुणांवर घेतला जातो. तिथे निदान नियम कागदावर आहे, चुकले तर बोट ठेवता येते. ठेकेदाराच्या टेबलावर ना गुणपत्रक, ना अपील. साहेबाला चेहरा पटला नाही की खूण सापडलीच. आणि हीच माणसे आज आपल्या स्टेशनांत, गाड्यांत राबत आहेत.

म्हणून आमची मागणी अशी : रेल्वे आणि टपाल खात्यासाठी माणसे घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने निवडीच्या अटी आपल्या भाषेत दारावर लावाव्यात, ज्याला नाकारले त्याला कारण लेखी द्यावे, आणि मुख्य मालक म्हणून प्रशासनाने त्यावर सही करावी. असा कागद तुमच्या डेपोत किंवा सॉर्टिंग कचेरीत दिसला, तर त्याची प्रत शाखा सचिवाकडे ताबडतोब पाठवा. पाठवणाऱ्याचे नाव आम्ही कोठेही छापणार नाही.