पाच हजार वर्षांची सभा



निवडणूक दारात आली की पुढारी हात जोडून चाळीत शिरतो आणि गोडच बोलतो. त्याच्या पोटातले कळायचे असेल तर त्याची आधीची सभा ऐकावी. मत मागायला अजून वेळ आहे, मैदान आपल्याच बापाचे आहे, असे त्याला वाटत असते तेव्हाची.

२० नोव्हेंबर १९५५ ची गिरगाव चौपाटीची सभा तशी होती. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून वेगळी ठेवायचा घाट काँग्रेसने घातला होता. निवडणूक होती १९५७ साली. व्यासपीठावर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील.

मोरारजींची गोष्ट ठाऊक आहे ना? १९५२ च्या निवडणुकीत ते १९ मतांनी पडले आणि तरी मुख्यमंत्री झाले! मतदाराने घरी पाठवलेल्याला पक्षाने गादीवर बसवले. असा माणूस मतदाराला कशाला भितो? पाटील तर आमच्याच कोकणातले. आपल्या मातीचा माणूस शेटजींची तळी उचलतो, हे आम्हांला मोरारजींपेक्षा जास्त झोंबले. खोटे कशाला सांगा.

आणि बोलले काय? पाटील म्हणाले, पाच हजार वर्षांनीदेखील मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही. मोरारजी म्हणाले, काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळायची नाही. साच्यापुढे उभे राहून ज्यांच्या पायांत गोळे आले, त्यांच्या तोंडावर हे बोलणे!

सभेत दगड आले, चपला आल्या, सभा उधळली. गिरणगावाला त्याचा आनंद झाला, तो चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण दगडाने पुढाऱ्याचे काय गेले? दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप झाला, साचे बंद पडले, मोर्चा फ्लोरा फाउंटनवर गेला. तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी १५ माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाला. १०६ हुतात्मे म्हणून ज्यांना आपण हात जोडतो, त्यांत हातावर पोट असलेलीच माणसे पुष्कळ. गोळी व्यासपीठावर जात नाही.

पुढाऱ्यांना लागले ते मतपेटीने. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली, मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच हजार वर्षांचे काम साडेचार वर्षांच्या आत आटोपले! पाटील मात्र दक्षिण मुंबईतून निवडून येतच राहिले. तो मतदारसंघ गिरणगावाचा नव्हे, हे कबूल. १९६७ साली जॉर्ज फर्नांडिसांनी त्यांना पाडले, तेव्हा चौपाटीच्या सभेला ११ वर्षे उलटून गेली होती. इतका उशीर?

हे कोपरच्या माणसांना का सांगतो? १८ जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाखांवर कामगार उतरले. संप चिघळला, गिरण्या बुडाल्या, जमिनींवर टॉवर उठले, आणि गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडे डोंबिवली-कल्याणकडे आली. आता मैदाने इकडे आहेत, सभाही इकडे होतात. शेटजींच्या पंगतीतला पुढारी हल्ली फेटा बांधून, शुद्ध मराठीत बोलतो. मुंबई तोडा असे तो कशाला म्हणेल? म्हणून भाषा मराठी आहे एवढ्यावर टाळ्या पिटू नका. गिरणीच्या जमिनीवर गिरणीवाल्याला घर किती आणि कुठे, बेळगावसाठी काय करणार, असे चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पाठवा.

उत्तर मिळाले तर तारीख घालून वहीत टिपा. नाही मिळाले तर तेही टिपा. पोरांना दगडापासून लांब ठेवा. सभा संपेपर्यंत उठू नका. शेवटची गाडी चुकली तरी हरकत नाही, कोपरला चालत येता येते.