कॉलेजमधला मित्र पैशांचा क्लास घेतोय? शिकवणं कुठे संपतं आणि टिप कुठे सुरू होते

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो होतो. शेजारच्या टेबलावर थर्ड इयरचा एक मुलगा सात-आठ ज्युनियर्सना पैशांचं गणित शिकवत होता. वही नाही, फळा नाही, फक्त मोबाईल. पहिली वीस मिनिटं मीही कान देऊन ऐकत होतो.

त्याने उदाहरण घेतलं लोन ॲपचं. समजा, ५,००० रुपयांचं कर्ज घेतलं. प्रोसेसिंग फी कापून हातात आले ४,२०० आणि १५ दिवसांनी भरायचे पूर्ण ५,०००. एक मुलगी म्हणाली, "८०० रुपयेच तर जातात." त्याने कॅल्क्युलेटर उघडला. ४,२०० वर ८०० म्हणजे १५ दिवसांत १९ टक्के. वर्षाचा दर काढला, तर ४६० टक्क्यांच्या वर! टेबलावर एकदम शांतता.

हेच कुठल्या बँकेच्या अधिकाऱ्याने सेमिनार हॉलमध्ये सांगितलं असतं, तर मागच्या बाकावर रील्स चालू असते. मोठ्यांचा क्लास रिटायरमेंटपासून सुरू होतो. मित्राचा मेसच्या बिलापासून. शिवाय "माझे दोन हप्ते थकलेत" हे घरी सांगता येत नाही, मित्राला सांगता येतं. म्हणून विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवणं मला मनापासून पटतं.

पण एकविसाव्या मिनिटाला...

तोच मुलगा म्हणाला, "आता सगळ्यांनी माझ्या लिंकवरून डिमॅट उघडा. उद्या ग्रुपवर निफ्टीचा कॉल टाकतो."

माझ्या मते क्लास तिथेच संपला. पुढे जे चाललं होतं ते शिकवणं नव्हतं. अशा लिंकमागे रेफरल देणाऱ्याची कमाई असू शकते. शिकवणाऱ्याची कमाई तुमच्या निर्णयावर अवलंबून असेल, तर ते आधी सांगायला हवं. त्याने सांगितलं नाही.

आणि 'निफ्टीचा कॉल' म्हणजे बहुतेक वेळा ऑप्शन्स. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे आकडे बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. प्रत्येकी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. यातला आपल्याशी संबंधित आकडा वेगळाच आहे: अशा ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतले २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, पुढच्याच वर्षी ४३ टक्के झाले.

आता मुद्दा असा, की इतकी तरुण मुलं तिथे फक्त जाहिराती बघून जात नाहीत. "माझ्या मित्राने कमावले" हे वाक्य कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी पडतं. ज्या विश्वासामुळे कँटीनमधला क्लास चालतो, त्याच विश्वासावर टिपही खपते.

रेषा कुठे ओढायची?

एक मोजपट्टी तयार आहे. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर सेबीकडे नोंदणी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नोंदणीकृत कंपन्या ज्यांच्यासोबत काम करू शकतात, अशा 'फक्त शिक्षण' देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरचं पुढे काय होईल हे सुचवायचं नाही. म्हणजे जुन्या चार्टवर शिकवा, आजच्या चार्टवर नको.

हा नियम कॉलेजच्या कँटीनसाठी लिहिलेला नाही. पण तिथे लावून बघा, लगेच कळतं. शिकवणाऱ्याला तुम्ही आज काय विकत घेता याच्याशी देणंघेणं नसतं. टिप देणाऱ्याला असतं.

मग क्लासमध्ये शिकवायचं काय?

माझी यादी छोटी आहे:

- कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट वाचायला. आरबीआयच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देताना ते द्यावंच लागतं. त्यात वर्षाचा एकूण दर, म्हणजे एपीआर, फीसकट लिहिलेला असतो. कर्जाचे पैसेही थेट तुमच्याच बँक खात्यात यायला हवेत.
- ॲप तपासायला. डिजिटल लेंडिंग ॲप्सची यादी जुलै २०२५ पासून आरबीआयच्या वेबसाइटवर आहे.
- यूपीआय पिनचा अर्थ. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही.
- खातं भाड्याने न द्यायला. "तुझ्या अकाउंटवर पैसे येतील, कमिशन ठेव, बाकीचे पुढे पाठव" ही फसवणुकीच्या पैशांची वाट असते. खातं गोठतं आणि पोलिसांचा फोन तुम्हाला येतो.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायला. लाज वाटून दोन दिवस थांबलात, तर पैसे हातातून गेले समजा.

यातल्या एकाही गोष्टीसाठी शेअर मार्केट कळावं लागत नाही. सेकंड इयरची कुठलीही मुलगी हा क्लास घेऊ शकते.

त्या दिवशी निघताना मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, "पहिली वीस मिनिटं जबरदस्त होती, तेवढीच ठेव." तो हसला, पण लिंक ग्रुपवर आधीच गेली होती. तुमच्या ग्रुपवर अशी लिंक आली, तर उघडण्याआधी मित्राला सरळ विचारा, "यात तुला किती मिळतात?" खरा मित्र असेल तर सांगेल.